सहा ते बारा

सिंगापूरच्या टॅम्पिनीसमध्ये खिडकीबाहेर बांबूवर निश्चल कपडे. अर्धा कप कोपी, इथली कडक कॉफी. पडद्यावर आयर्लंडच्या पश्चिमेला ढगांचं वेटोळं. प्रणिता इथून जहाजांना हवामानाचा सल्ला देई. धाकटा भाऊ रुचिर त्यांतल्या एकावर चीफ ऑफिसर, आत्ता त्याच वेटोळ्याखाली. "ताई, तुझं वादळ फुसकं निघालं," तो फोनवर हसला. "कंटेनरच्या साखळ्या सैल झाल्यात. पोरं घेऊन डेकवर उतरू?" तिनं सहा वाजताच्या अंदाजाचा नकाशा पाहिला, बाराचाही. दोन्हींत वारा बेताचा. "उतर. लवकर आटप." मग उपग्रहाचं नवं चित्र आलं. वेटोळ्याचं टोक विंचवाच्या नांगीसारखं वळून विरत होतं. अशाच टोकातून वाऱ्याचा झोत कोसळतो आणि दोन नकाशांच्या मधल्या तासांत झोडपून जातो. तिनं फोन लावला. "साब डेक पे गए हैं, मॅडम," जहाजाच्या ब्रिजवरून कुणी म्हणालं. नंतर फोनमधून नुसता वारा ऐकू आला. झोत यायच्या आधी रुचिर डेकवर उतरला, तेव्हा वारा खरंच पडला होता.