मनगटावरचा शिक्का

मंडळाच्या नाटकाची तिकिटं छापायचीच नाहीत, ही कल्पना नूतनची. बाहेर टेबलावर पैसे भरायचे, मनगटावर निळा शिक्का मारून घ्यायचा आणि तो दारावर दाखवून आत जायचं. छपाईचा खर्च वाचला, ॲपवाल्यांचं कमिशन वाचलं, आणि डिंडोलीभर तिचं कौतुक झालं.

नाटकात तिचं पहिलंच काम होतं. "माझं नाव सांगून आत शिरायचं नाही हं, आबा. नियम सगळ्यांना सारखा," तिने वडिलांना बजावलं होतं. पांडेसऱ्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमधली पाळी संपली की तसाच येतो, म्हणाले होते. पण प्रेक्षकांत ते दिसलेच नाहीत.

"थकलो होतो बेटा, डोळा लागला," ती घरी आल्यावर ते म्हणाले.

"तुम्हाला माझं कौतुकच नाही," ती फणकारली. पुढे तो विषय निघाला नाही. होळीनंतर आबा गेले.

यंदाच्या बैठकीत अडाजणच्या उज्ज्वलाताई म्हणाल्या, "शिक्का नको गं बाई! गेल्या वर्षी मी दारावर होते. एक काका आले, मिलच्या रंगाने हात कोपरापर्यंत निळे. शिक्का मारलाय म्हणाले, पण दिसायला तर हवा! म्हटलं, हात धुऊन या."

"मग?" नूतनने विचारलं.



"मग काय, नाटक संपलं तरी बाहेरच्या नळावर हात घासत होते बिचारे."