मडक्यातला विस्तव

वादळात भाटघर धरणाच्या पाण्याने वेढलेल्या टेकडीवरची छपरं उडाली, होडी फुटली. काठावरच्या गावातून भोपळे बांधून केलेल्या सांगडीवरून पीठ पोचलं, तरी तिकडे धूर दिसेना. “चुली इझल्यात. रायबाची बाळंतीण वली असंल,” म्हणत हैबतीने आपल्या चुलीतला विस्तव मडक्यात राखेखाली पुरला. रायबा त्याचा धाकटा भाऊ. हैबती टेकडी सोडून गावात आला, त्यावरून दोघे भांडले, तेव्हापासून दोन्ही घरांनी एकमेकांचा विस्तव घेतला नव्हता. “वारं तरी पडू द्या!” बायको ओरडली, तोवर सांगड सुटली होती. मधोमध लाट मडक्यात शिरली. चर्र झालं. मडकं छातीशी कवटाळून तो एका हाताने सांगड वल्हवत राहिला. टेकडीच्या काठावर रायबाने मडकं घेतलं. आत वर नुसता राखेचा चिखल. उकरलं, तर तळाशी एकच निखारा, तोही काळवंडत चाललेला. रायबा फुंकू लागला, पण थंडीने ओठ जुळेनात. “दादा, माझ्या एकट्याच्यानं न्हाई पेटायचा. तूबी फुंक.”