दाराबाहेरचा प्रेक्षक

“तू बाहेर थांब. आणि हाक मारल्याशिवाय आत यायचं नाही,” असं म्हणून लंबूने त्याच्या तोंडावर दार लावलं.

लंबू हा त्याचा रूममेट, अख्ख्या होस्टेलात सर्वांत फुटबॉलवेडा. आत हॉलमधल्या टीव्हीवर कॉलेजच्या संघाची फायनल चालू होती. मघाशी हा गडी कॉफी आणायला उठला आणि कॉलेजने गोल मारला. परत येऊन टेकतो न टेकतो तोच समोरच्यांनी तो फेडला. मग लॅपटॉप आणायला खोलीत गेला, तर पुन्हा आपला गोल. झालं! सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. परक्या देशात येऊन त्याने कॉलेजचा टी-शर्ट घेतला होता, घोषणा पाठ केल्या होत्या, इथल्या शिव्यासुद्धा न अडखळता देत होता. आणि एवढं करून आज तो पांढऱ्या पायाचा ठरला होता.

कॉरिडॉरमध्ये कपडे धुवायच्या मशीनशेजारी एक बाक होतं. लॅपटॉप मांडीवर घेऊन तो तिथे बसला. आधी गंमत वाटली. मग आतून सगळे एकदम “अरेरे!” करून ओरडले. कोणाचं काय हुकलं, कळायला मार्ग नाही. जीव नुसता खालीवर व्हायला लागला. दाराला कान लावावा, तर कोणी पाहिलं की शोभा. तेवढ्यात त्याला बाबा आठवले.

घरी हा मान बाबांचा होता. गावच्या संघाचा सामना असला की काका, आत्या, शेजारपाजारचे, सगळे पुढच्या खोलीत दाटीवाटीने बसायचे. एकदा बाबा गच्चीवरचे कपडे काढायला गेले आणि नेमका तेव्हाच गोल झाला. काकाने लगेच निकाल दिला, “दादा, तू बाहेरच बरा!” तेव्हापासून सामना रंगात आला की बाबा चपला अडकवून जिन्यात जायचे. तक्रार नाही, कुरकुर नाही. गोल झाला की टिल्ल्याने, म्हणजे त्याने, दार ढकलून धावत सुटायचं.

“काय रे, टिल्ल्या, काय झालं?” बाबा डोळे मोठे करून विचारायचे.

मग सगळा गोल तिथेच करून दाखवायचा. चेंडू म्हणजे बाबांची चप्पल. एकदा ती उडाली ती थेट खालच्या काकूंच्या धुण्याच्या बादलीत. बाबांनी खाली जाऊन बोलणी खाल्ली आणि ओली चप्पल घालून पुन्हा पायरीवर येऊन बसले.

त्या माणसाने इतकी वर्षं आपल्या संघाचा एक गोल धड डोळ्यांनी पाहिला नव्हता. आणि हे आपल्या डोक्यात आज येतंय!

गावच्या संघाचीही आज फायनल होती. इथे दुपार, तिथे संध्याकाळ. ती बघायलाच तर त्याने लॅपटॉप आणला होता. इंटरनेटवरचं चित्र घरच्या टीव्हीच्या मागून रखडत यायचं, पण यायचं. लॅपटॉपवर सामना लावून त्याने घरी फोन केला.

“बाबा, कुठे आहात?”

“कुठे म्हणजे? जिन्यात. बरोबरी चाललीय म्हणे.”

“आत जा बघू. काकाला सांगा, टिल्ल्याने सांगितलंय. पुरे झाला तो चावटपणा.”

“असू दे रे. इथे वारा चांगला येतो.”

“वारा काय, बाबा! फायनल आहे. एक तरी गोल बघा ना, प्लीज.” त्याचा आवाज चिरकला.

इतक्यात फोनमधून एकच गलका उसळला. काकाची आरोळी, आत्याच्या टाळ्या, कोणाच्या तरी हातून पडलेलं भांडं. लॅपटॉपवर मात्र चेंडू अजून मैदानाच्या मध्यावरच घुटमळत होता.

“बाबा! आपला गोल झाला ना?”

“मला काय माहीत? मी जिन्यात. तू सांगशील तेव्हा कळेल.”

“अहो, मला इतक्या लांबून आरडाओरडा ऐकू आला. तुम्ही दाराला टेकून बसलाय!”

बाबा गालातल्या गालात हसले. ते हसणं त्याला न बघताही कळलं.

“म्हणजे लहानपणी मी सांगायला यायचो, तेव्हाही तुम्हाला आधीच कळलेलं असायचं?”

“तर! तुझ्या काकाचा गळा काय साधासुधा आहे?”

“मग आत का नाही आलात कधी?”

“आत आलो असतो तर गोल दिसला असता,” बाबा म्हणाले. “तू धावत येताना कुठे दिसला असतास?”

समोर लॅपटॉपवर चेंडू एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या पायाशी आला आणि जाळीत जाऊन बसला. त्याने बाहीने डोळे पुसले.

“बाबा, गोल झाला,” तो कसाबसा म्हणाला.

“अंहं. बसून नाही सांगायचं.”

त्याने लॅपटॉप बाकावर ठेवला. फोन कानाशी धरून कॉरिडॉरच्या पार टोकाला गेला आणि तिथून स्लिपर फटफट वाजवत, दम लागेस्तोवर धावत आला.

“काय रे, टिल्ल्या,” बाबांनी विचारलं, “काय झालं?”