ताब्याची तारीख

बँकेत निघालेल्या बायकोचं डोकं नवऱ्याने फ्रिजच्या दारावर आपटलं. मन भरलं नाही म्हणून पुन्हा आपटलं.

"रड, पाया पड, काय वाटेल ते कर. मुदत न घेता परत आलीस तर याच फरशीखाली गाडीन."

वसुली अधिकाऱ्याने फाईल उघडली आणि तिचा सुजलेला डोळा बघून मिटून ठेवली. "ताई, आधी पाणी घ्या. हप्ते थकले म्हणून कुणी लगेच घर काढून घेत नाही. अर्ज द्या, सहा महिने मिळवून देतो."

"मुदत नको, साहेब. कुलूप लावायला कधी येता ते सांगा."

"अहो, घर कायमचं हातचं जाईल. पगार चालू आहे ना तुमचा?"

"आहे. हप्ते मी मुद्दाम थकवलेत."

साहेबांनी अर्जासाठी काढलेला कागद खणात परत ठेवला.

"ताबा घ्यायला येताना तुमच्याबरोबर पोलीस असतात ना?" तिने विचारलं.

"लागले तर असतात."

"लागतील. मी बोलावलं तेव्हा नाही आले. नवराबायकोचं भांडण आहे, घरातल्या घरात मिटवा म्हणाले."

साहेबांनी फाईल पुन्हा उघडली. पेनाचं टोपण काढून, तिच्याकडे न बघता त्यांनी ताब्याच्या वेळचा नेहमीचा प्रश्न विचारला, "आत सामान काय काय आहे?"

तिने ओठावरचं रक्त रुमालाने टिपलं.

"मुलीला कपड्यांसकट कालच बहिणीकडे पोचवलंय. आत एक नवरा आहे. तेवढा बाहेर काढा."