वाळूवरच्या रेघा

मैदानात चिखल झाला, म्हणून छप्पन सालची जिल्ह्याची उंच उडीची स्पर्धा चांद्याच्या एका रिकाम्या लाकूड-गोदामात घेतली. शेवटी दोघेच उरले: गेल्या वर्षी जिंकलेला वरोऱ्याचा पैलवान आणि नागभीडच्या मासे धरणाऱ्या ढिवराचा पोरगा डोमा.

डोमाचा दोस्त, शफी सुतार, उडीनंतर फावड्याने वाळू सारखी करत होता. पैलवान पडला की वाळूत खड्डा पडे. डोमाने काठी ओलांडली, शफी वाकला, तर वाळू सपाट.

"कुठी पडला रे तू?"

"इथीच तं! तुले दिसलं नाई काय?" डोमा हसला. त्याच्या अंगाला वाळूचा कण नव्हता.

काठी डोक्याइतकी चढली. पैलवानाने ती पाडली. डोमा धावत आला, वर गेला, काठी हललीसुद्धा नाही. गोदाम दणाणलं. पैलवानानेच धावत येऊन त्याला मिठी मारली.

वाळूवर फावड्याच्या रेघा तशाच होत्या.

"जितलो ना बे!" शफीने रडत-हसत डोमाला खांद्यावर घेतलं. लोक नाचत दाराकडे निघाले. डोमा दोन्ही हात हलवत होता.

शफीच्या खांद्यावर वजनच नव्हतं.

दाराबाहेर वारा सुटला होता. शफीने डोमाचे पाय घट्ट धरले.