पुस्तकांची चव

सातवीला इंग्रजी शिकवणाऱ्या मिस ऑल्डननी त्या दिवशी वर्गाचं चक्क हॉटेल केलं होतं. टेबलांवर चौकड्यांचं कापड, त्यावर ताटं आणि ताटांत पुस्तकं. तीन मिनिटं एका पुस्तकाची चव घ्यायची, कार्डावर तारे द्यायचे आणि घंटा झाली की पुढचं टेबल गाठायचं. घंटा वाजवण्याचा मान मदतीला आलेल्या व्हर्लीन प्रुइट या आजीबाईंकडे होता.

त्यांची नात मार्नी याच वर्गात. तिने जन्मात एक पुस्तक पुरं केलं नव्हतं, आणि यंदा वाचनात नापास झाली तर पुन्हा सातवीच, या घोराने आजीचा जीव अर्धा झाला होता.

दुसऱ्याच टेबलावर मार्नी एका जाडजूड पुस्तकात बुडाली. घंटा झाली, सगळे उठले, ही मात्र ढिम्म.

"आजी, थांब ना गं! लांडगी आत्ताच पिंजऱ्यातून सुटलीय!"

आजीने घंटा स्वेटरखाली दडपली. "बाई, बसू द्या की तिला. पहिल्यांदाच वाचतेय माझी पोर."

मिस ऑल्डननी हसत हसत मार्नीच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं.



"अहो मिसेस प्रुइट, अशी एकातच अडकून बसली, तर तिला वाचनाची गोडी लागायची कधी?"