न हलणारा षड्ज

मिरजेतल्या एका कंपनीचे इलेक्ट्रॉनिक तानपुरे आता गाणाऱ्याचा सूर घसरला की त्याच्यामागे घसरत, त्यामुळे बेसूर कोणी उरलंच नव्हतं. कंपनीच्या संग्रहालयाच्या उद्घाटनाला मालक पुष्करने कौतुकाने आपल्या काकांनी बनवलेला पहिला तानपुरा लावला. प्रख्यात गायिका शर्वाणीचा षड्ज घसरला. तानपुरा जागचा हलला नाही.

"बेसूर आहे हा!" ती करवादली. रसिकांनी माना डोलावल्या.

"जुना आहे, बाई," काका म्हणाले. "तुमच्यामागे धावायला शिकला नाही."

पुष्करने घाईने तानपुरा बंद केला. "काका, आपला इतिहास दुसऱ्या मॉडेलपासून सुरू करू या. हा भंगारात जाऊ दे."

मग नव्या तानपुऱ्यावर शर्वाणी तस्संच गायली. रसिकांचे डोळे पाणावले.